पडद्याकडे पाठ

“हा सिनेमा तुम्ही बघितलाय?” विजयकरांनी विचारलं.

“अजून पुरा कुठं झालाय तो?”

“गोष्ट कुणी सांगितलीय?”

“नाही.”

“बाहेर शितोळे भेटले असतील. ते काही बोलले?”

“चहा घेणार का, एवढंच विचारलं.”

“मग तुमची मुलाखत नंतर, कारखानीसबाई. आधी इथं उलट्या बसा.”

त्यांनी दाखवली ती एक लोखंडी घडीची खुर्ची होती. रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये, पडद्याच्या अगदी पायथ्याशी, पडद्याकडे पाठ करून ठेवलेली. सीटवर फुलाफुलांची एक उशी होती, कडेला उसवलेली. मी पिशवी छातीशी धरून उभीच राहिले. मी मुलाखत घ्यायला आले होते आणि मलाच कोपऱ्यात बसवायला निघाले होते.

“पार्श्वसंगीताचं काम कधी बघितलंय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“सोपं असतं. पडद्यावर मुका सिनेमा चालतो. आमचा कंडक्टर ॲम्ब्रोज पडद्याकडे बघून हात हलवतो, वादक ॲम्ब्रोजकडे बघून वाजवतात. म्हणजे वादकांचीही पडद्याकडे पाठच असते. तुमची एक जास्त. तुम्ही फक्त ऐकायचं आणि रीळ संपलं की मला सांगायचं, पडद्यावर काय चाललं होतं.”

“न बघता?”

“न बघता. आणि मागं वळायचं नाही. जो पाठ करून बसला त्यानं तो प्रसंग थेटरातच बघायचा, असा आमचा नियम आहे.”

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात होते आणि रविवार पुरवणीचं सिनेमाचं पान माझ्याकडे होतं. पुरवणीच्या संपादकांनी मला विजयकरांकडे पाठवलं ते एका निश्चित कामासाठी. “त्याच्या चाली सगळ्या विलायती आहेत,” ते म्हणाले होते. “कुठली कुठून उचलली ते सरळ त्यालाच विचार. डावीकडे त्याची चाल, उजवीकडे मूळ रेकॉर्ड. छान चौकट होईल.” ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द तेव्हा आमच्या पुरवणीपर्यंत पोचला नव्हता. जे हार्मोनियम-तबल्यात बसत नव्हतं ते सगळं विलायती.

त्रिंबक विजयकरांचं संगीत मी मात्र त्या आधीपासून ओळखत होते. मिरजेला शाळेत असताना त्यांचा एक सिनेमा आला होता, त्यात बैलगाड्यांची शर्यत होती. हलगी वाजत होती, ती आम्हाला रोजची. पण हलगीच्या मागं आणखी काहीतरी सारखं खुळखुळत होतं, वाळलेल्या शेंगेसारखं, आणि त्या खुळखुळण्यानं बैल पडद्यावर होते त्याहून जोरात पळत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही मैत्रिणींनी पत्र्याच्या डब्यात चिंचोके भरून तो आवाज काढायचा प्रयत्न केला. जमला नाही. ते मराकस होतं, दक्षिण अमेरिकेतलं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. दुसऱ्या एका सिनेमात फड मोडलेली नाचणारीण रिकाम्या तंबूतून चालते, तिथं त्यांनी लावणीच्या चालीखाली ऊद हे अरबी तंतुवाद्य ठेवलं होतं, एकटं. आणि एकात बाई नदी ओलांडते तेव्हा बासरी अशी वाजली होती की सुरापेक्षा फुंकरच जास्त ऐकू यावी. इतर संगीतकार वाद्यं वाढवून प्रसंग मोठा करायचे. हे लांबचं एकच वाद्य आणायचे आणि आपल्या रोजच्या वाद्याशेजारी बसवायचे. बसवायचे असे, की आधी वाटायचं पाहुणा आलाय, आणि मग वाटायचं, हा तर इथलाच.

पण हे माझं मत होतं. पुरवणीला चौकट हवी होती.

मी उशीवर बसले.

हॉलच्या दाराशी शितोळे आले. बाळासाहेब शितोळे, सिनेमाचे निर्माते आणि दिग्दर्शकही, मूळचे कोल्हापूरकडचे. अंगात सफारी, पण पाय उघडे, कारण त्यांच्या कोल्हापुरी वहाणा करकर वाजायच्या आणि रेकॉर्डिस्टनं त्या पहिल्याच दिवशी दाराबाहेर काढायला लावल्या होत्या. सिनेमाचं नाव तेव्हा ठरलेलं नव्हतं. डब्यांवर ‘प्रॉडक्शन नंबर चार’ असं लिहिलेलं होतं. पुढं जे नाव मिळालं ते शितोळ्यांच्या मेव्हण्यानं सुचवलेलं. मी ते इथं लिहीत नाही. त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या आम्हा सगळ्यांसाठी तो नंबर चारच राहिला.

“ह्या पेपरवाल्या बाईस्नी कशाला बसवलंयसा मास्तर?” शितोळ्यांनी विचारलं. “खुर्ची मोकळी हाय तर राहू द्या की.”

“मोकळी खुर्ची मला चालत नाही.”

“वैनी असत्या तर गोष्ट येगळी. त्यांचा कान तयार हुता.”

विजयकरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग माझ्याकडे वळून सांगितलं, “कुमुद बसायची इथं. माझी बायको. सगळ्या सिनेमांना. भाजी निवडत बसायची. उशी तिचीच आहे.”

“आणि आता?”

“दिवाळीच्या आधी गेली.”

मी उशीवरून नकळत पुढं सरकले. “सावरून बसू नका,” विजयकर म्हणाले, “सावरून बसलेल्या माणसाला नीट ऐकू येत नाही.”

मग शितोळ्यांनी जे सांगितलं ते हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं. व्हायोलिनवाल्यांनी आपापले गज गुडघ्यावर ठेवले आणि सगळे खाली बघू लागले.

“ह्ये शेवटचं रीळ हाय. ह्या रिळावर माझा सिनेमा उभा हाय का आडवा, त्ये ठरणार. तीन डाव वाजवलंसा, तीन डाव मला पटलं न्हाई. माझी नटी पडद्यावर रडत न्हाई. म्याच तिला रडू दिलं न्हाई. मग कुणीतरी रडाय पायजे का नको? व्हायोलिन रडू दे. बाया पदर डोळ्याला लावून भाईर पडल्या पायजेत. आज दुपारपातूर झालं तर झालं. न्हाईतर परवा दुसरा माणूस येतोय. त्यो सगळ्या सिनेमाचं बॅकग्राउंड तयार रेकॉर्डांवरनं चढवून दील.”

“सगळ्या सिनेमाचं?” कंडक्टर ॲम्ब्रोज मास्कारेन्हस पुढं आला. वसईकडचा उंच, वाकलेला माणूस, विजयकरांबरोबर पहिल्या सिनेमापासून. “शितोळेसाब, पंधरा दिवस काम केला आम्ही. इतर रीळ तुम्हाला आवडला ना?”

“आवडलं की. पण शेवट न्हाई तर बाकीचं घिऊन काय करू? आन् सारखं ह्ये विलायती. माझा सिनेमा पंचगंगेच्या काठचा हाय. तिथं ह्यो अकॉर्डियन कुठनं आला? माती कुठाय माझ्या गावची?”

विजयकरांना गेल्या तीन वर्षांत हा एकच सिनेमा मिळाला होता. ते मला ठाऊक होतं, शितोळ्यांना होतं, आणि खाली बघणाऱ्या प्रत्येक वादकाला होतं. नंबर चारमधून काढून टाकलेल्या संगीतकाराला नंबर पाच कुणी देणार नव्हतं.

“ठीक आहे,” विजयकर म्हणाले. “ॲम्ब्रोज, आधी शितोळ्यांच्या मनातलं वाजवू. रात्री लिहिलंय मी. वाटून टाक.”

दिवे मंद झाले. माझ्या डोक्यावरून प्रोजेक्टरचा झोत पडद्यावर गेला. माझ्यासमोर वादकांच्या पाठी होत्या, काही घामानं भिजलेल्या, आणि त्यांच्या पलीकडे ॲम्ब्रोज. पडद्याचा उजेड त्याच्या चष्म्याच्या काचांवर हलत होता. त्यात बघायचा मोह झाला. दोन पांढरे ठिपके सोडून काही दिसलं नाही.

व्हायोलिनं सुरू झाली. मी खोटं बोलणार नाही, ती सुंदर होती. खालच्या सप्तकातून एकेक करत वर चढली, वर जाऊन थरथरली, आणि मग सगळी मिळून उतरली. रीळ संपलं, दिवे लागले.

“सांगा,” विजयकर म्हणाले.

“कुणीतरी गेलं. तरुण. बहुतेक मुलगा. आणि त्याची आई आहे.”

शितोळ्यांनी मांडीवर थाप मारली. “आता काय म्हणतासा मास्तर! बाईनं बगितलं न्हाई, तरी तिला सगळं कळलं. आई म्हणजे आई, पोरगा म्हणजे पोरगा! ह्येच ठेवा. मिटलं.”

“रद्द,” विजयकर म्हणाले.

“का?”

“सगळं कळलं म्हणून.”

“हात्तिच्या मारी! कळाय नको?”

“शितोळे, पडद्यावर तुम्ही ते दाखवलंच आहे. लोक आंधळे नाहीत. जे दिसतंय तेच मी परत वाजवलं, तर मला कशाला बोलावलंत? कुमुदही इथं बसून अशीच ऐकून सांगायची. पडद्यावर होतं तेच तिनं सांगितलं, की मी ते पान फाडायचो. तिनं दुसरंच काही सांगितलं, आणि ते ऐकून ॲम्ब्रोज गप्प झाला, की ठेवायचो. बैलांच्या शर्यतीच्या वेळी काय म्हणाली होती रे, ॲम्ब्रोज?”

“वहिनी बोलली, पोरं शाळा सुटून धावतात.” ॲम्ब्रोज हसला. “आणि मग बोलली, भेंडी जून निघाली.”

डब्यात चिंचोके भरणाऱ्या मुली मला आठवल्या. पण मी तिथं बातमीदार होते.

“मला शर्यत नगं, मला रडणं पायजे,” शितोळे म्हणाले. पण त्यांचा आवाज थोडा उतरला होता. “वाजवा तुमचं. येकदाच. मग माझं मी ठरवतो.”

विजयकरांनी व्हायोलिनवाल्यांना चहाला पाठवलं. हॉलमध्ये उरले ॲम्ब्रोज, एक चेलो आणि एक ढोलकीवाला, ज्याच्यापुढं ढोलकी नव्हती. लाकडाचा, कमरेएवढा, उभा ढोल होता. विजयकरांनी खोक्यातून अकॉर्डियन काढलं, पट्टे खांद्यावर अडकवले आणि वादकांच्या जागी जाऊन बसले. त्यांचीही पाठ पडद्याकडे झाली. आता त्या हॉलमध्ये पडद्याकडे बघणारे दोघंच होते, ॲम्ब्रोज आणि शितोळे.

तो आवाज कसा होता हे लिहायचा प्रयत्न मी नंतर अनेकदा केला आहे. उभ्या ढोलावर तो माणूस थाप मारत नव्हता, तळहात टेकवून उचलत होता. दाबून ठेवलेला, पुन्हा दाबलेला आवाज. त्यावर अकॉर्डियन आलं, अगदी खालच्या पट्टीत, नाचाच्या ठेक्यातलं. पण नाचणारं कुणी थकलं असावं आणि तरी थांबायला तयार नसावं असं. चाल चार पावलं पुढं जायची आणि शेवटच्या सुरावर न टेकता मागं फिरायची. चेलो फक्त दोनदा बोलला. कुठंही दुःख नव्हतं. मला उलट हायसं वाटलं.

दिवे लागले.

“सांगा, बाई.”

“सामान भरताहेत,” मी म्हटलं. “कुणीतरी कुणाचं तरी सामान भरतंय. घड्या घालून, हातानं दाबून, मग आणखी थोडं कोंबून.”

“रडत?”

“नाही. गुणगुणत असावं.”

“जाणारा परत येणार आहे?”

“हो. भरणाऱ्याला तशी खात्री आहे.”

ॲम्ब्रोजचे हात अजून हवेतच होते. त्यानं ते हळूच खाली घेतले आणि तो गप्प राहिला.

शितोळे उठले. “पोरगं मेलंय तिथं! आन् ह्या बाई त्येचं सामान भरत्यात! उद्या थेटरातली बाई इचारील, ह्यो कुठं निघालाय म्हणून. मास्तर, तुमचा मान हाय. पण ह्ये जमायचं न्हाई. मी फोन लावतो.”

“लावा,” विजयकर म्हणाले. अकॉर्डियन अजून त्यांच्या गळ्यातच होतं. “पण एकदा तुम्ही बसा.”

“कुठं?”

“त्या खुर्चीत.”

“मी? म्या त्ये शंभर डाव बगितलंय. कुठल्या शाटला काय हाय, झोपंत सांगीन.”

“म्हणूनच. शंभर वेळा बघितलंत. एकदा बघू नका.”

मी खुर्ची सोडली आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभी राहिले, नियम मला अजून लागू होता. शितोळे उशी बाजूला ठेवायला गेले, विजयकरांनी मानेनंच नको म्हटलं. ते बसले. अनवाणी पाय त्यांनी खुर्चीच्या दांडीवर आखडून घेतले, एखाद्या पोरासारखे.

तीच चाल पुन्हा वाजली. या खेपेला मला शितोळ्यांचा श्वास ऐकू येत होता. आधी रागाचा, नाकातून. मग तो ऐकू येईनासा झाला.

दिवे लागले तरी ते उठले नाहीत.

“काय चाललं होतं?” विजयकरांनी विचारलं.

शितोळ्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवला.

“वळिवड्याचा क्यांप,” ते म्हणाले.

“कसला कँप?” ॲम्ब्रोजनं विचारलं.

“आमच्याकडं, कोल्हापूरच्या शेजारी. लढाईच्या टायमाला पोलंडची माणसं आणून ठिवली हुती. हज्जारांनी. समद्या बाया आन् पोरं. आमची आई दूध घालाय जायाची क्यांपात, मी किटली धराय. रांगंनं खोल्या. सांजंला येकजण अकॉर्डियन वाजवायचा. येक पाय नव्हता त्येला.” त्यांनी विजयकरांकडे बघितलं. “ह्येच वाजवायचा. शेवटाला टेकायचंच न्हाई, माघारी फिरायचं. आई म्हणायची, मेल्याला शेवट यीत न्हाई वाटतं.”

“त्येच्या शेजारच्या खोलीत येक म्हातारी हुती. कोण न्हवतं तिचं. तिच्याकडं पुरुषाचं शर्ट हुतं, पाच-सा. दर आयतवारी धुवायची, वाळत घालायची, घडी घालून परत ठिवायची. आईनं इचारलं हुतं तिला खुणंनं, कुणाचं म्हणून. ती हसायची नुसती.” ते थांबले. “मी इसरलो हुतो. देवाशपथ, मास्तर. मला वाटलं ह्ये माझ्या डोस्क्यातनं आलंय.”

‘हे’ म्हणजे काय ते मला कळलं नाही. विजयकरांना आणि ॲम्ब्रोजला कळलं होतं, कारण त्यांनी रीळ बघितलं होतं. मी विचारणार होते, पण विजयकरांनी माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं.

“तुमास्नी ही चाल कुठं घावली?” शितोळ्यांनी विचारलं.

“कराचीत.”

“कराची?”

“माझा जन्म तिथला. आमचे आजोबा नोकरीसाठी गेले, तिथंच राहिले. मी शाळेत होतो. ही पोलंडची माणसं इराणातून बोटीनं आधी कराचीला उतरायची. गावाबाहेर तंबू होते. आम्ही पोरं सायकलवरून बघायला जायचो. थोडे दिवस राहायची आणि मग ट्रकमधून स्टेशनावर. कधी कुणाचा नंबर लागेल सांगता यायचं नाही, म्हणून बाया रोज सामान भरायच्या. रोज भरायच्या, रोज सोडायच्या. एक जण पेटाऱ्यावर बसून हे वाजवायचा. त्याला दोन पाय होते की एक, मला आठवत नाही. मी विचारलं होतं, कुठं जाणार? तो म्हणाला, कोल्हापूर. मला तेव्हा कोल्हापूर कुठं आहे ते माहीत नव्हतं.”

“आन् ह्यो ढोल?”

“तोही कराचीचा. आमच्या मागच्या गल्लीत शिदी लोक राहायचे. आफ्रिकेतून केव्हाचे आलेले, बंदरावर हमाली करायचे. त्यांचा ढोल. ते जोरात वाजवायचे, मी हळू वाजवायला सांगितलं.” त्यांनी अकॉर्डियनचा पट्टा सैल केला. “सत्तेचाळीस साली आम्ही निघालो तेव्हा सामान आईनं भरलं. महिन्याभरात परत यायचं म्हणून थोडंच भरलं.”

शितोळे उठले. खुर्चीवरची उशी त्यांनी उचलली, झटकली आणि होती तशी परत ठेवली.

“ठेवा,” ते म्हणाले.

“कुठलं?”

“मास्तर, आता आनी बोलवून घिऊ नका.” ते दाराकडे गेले, बाहेर वहाणांची करकर ऐकू आली, मग थांबली. पुन्हा दार उघडलं. “आन् व्हायोलिनवाल्यास्नी जेवूनच जावा म्हणावं. रात्री जागून लिवलेलं तुमी फाडणार, त्यांची काय चूक?”

माझी मुलाखत त्यानंतर झाली, हॉलबाहेरच्या बाकावर.

“तुमच्या चाली उचललेल्या आहेत असं म्हणतात,” मी विचारलं. काम होतं, विचारायलाच हवं होतं.

“आहेत की.”

“हे मी छापू?”

“छापा. पण कुणाकडून उचलल्या तेही छापा. कराचीचे शिदी, अकॉर्डियनवाला, गल्लीतला एक बगदादी ज्यू होता, तो ऊद वाजवायचा. मराकस ॲम्ब्रोजच्या मामाचं, तो बोटीवर बँडमध्ये होता. लोक म्हणतात, विजयकर जगभरचं संगीत आणतो. मी कधी कराची आणि मुंबई सोडून कुठं गेलो नाही हो. बंदरावर वाढलेल्या माणसाला जगभर जावं लागत नाही.”

मी ते तसंच लिहिलं. संपादकांनी वाचलं, ‘चौकट कुठाय?’ म्हणून विचारलं आणि शेवटी जागा भरायची होती म्हणून छापलं.

नंबर चार पुढच्या वर्षी लागला. मी तेव्हा नागपूरला बदलून गेले होते. मुंबईत एका थेटरात मॅटिनीला आठवडाभर होता, नागपूरला आलाच नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बरा चालला, असं ऐकलं. विजयकरांना नंबर पाच मिळाला नाही, पण नंबर चारच्या श्रेयाच्या पाटीवर त्यांचंच नाव राहिलं. ते गेले तेव्हा त्यांच्यावरचा मजकूर मीच लिहिला, डेडलाइनच्या घाईत, आणि त्यात शेवटच्या रिळाबद्दल एक वाक्य लिहिलं, मी न बघितलेल्या रिळाबद्दल. पुढं कुणीतरी फोनवर त्या सिनेमाची अंधूक नक्कल पाठवली. मी उघडली नाही. नियम होता.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कोल्हापूरच्या एका फिल्म सोसायटीचं पत्र आलं. सांगलीच्या एका वितरकाच्या गोदामात नंबर चारची प्रिंट सापडली होती. एकच खेळ होता, सकाळचा. मी गेले.

पहिल्या रांगेच्या टोकाला चाकांच्या खुर्चीत शितोळे होते. ऐंशीच्या पुढचे, अंग सुकलेलं, पायात त्याच प्रकारच्या वहाणा. शेजारी त्यांची नात होती. मी त्यांच्याजवळच बसले आणि ओळख सांगितली.

“पेपरवाल्या बाई!” ते म्हणाले. “तुमी उलट्या बसला हुता. मग थेटरात बगितला का न्हाई?”

“आज बघणार आहे.”

“आज?” ते हसले, दात नव्हते. “मास्तरांचा नियम लईच पाळलासा की वो.”

सिनेमा चांगला होता, काही ठिकाणी लांबलेला. पोरगा लष्करात आहे, आई शेतातल्या घरात एकटी. पोरगा जाताना दिसतो तो फाट्यावर, एस्टीत चढताना, ट्रंक टपावर आधीच चढवलेली. ढोल, बासरी, एका ठिकाणी ते मराकस. मी एकेक वाद्य ओळखत बसले होते. मग शेवटचं रीळ आलं हे मला पडद्यावरून नाही, बाजूला चाकं करकरली त्यावरून कळलं. शितोळे नातीला म्हणत होते, “फिरव.”

“आजोबा, आता तर शेवट आहे!”

“म्हणूनच म्हणतुया. फिरव मला.”

तिनं खुर्ची फिरवली. त्यांची पाठ पडद्याकडे झाली, तोंड प्रेक्षकांकडे. त्यांनी डोळे मिटले.

पडद्यावर अंगणात ट्रंक ठेवलेली होती. ती आणणारे दोन जवान निघून गेले होते. आई उकिडवी बसली, तिनं कडी काढली, झाकण उघडलं आणि आतून एक शर्ट घेतला. झटकला. दोरीवर घातला. मग दुसरा. ती रडत नव्हती. ती धुतलेले कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईसारखी ते काम करत होती. आणि खाली तो दाबून ठेवलेला ढोल, आणि त्यावर टेकायला तयार नसलेलं अकॉर्डियन. पोराचं सामान भरण्याचा प्रसंग आख्ख्या सिनेमात कुठंही नव्हता. तो फक्त इथं होता, वाद्यांमध्ये. ती ट्रंकेतून एकेक शर्ट काढत होती आणि विजयकर तो परत घडी घालून आत ठेवत होते.

“बाई,” शितोळे हळूच म्हणाले, डोळे न उघडता. “काय चाललंय पडद्यावर?”

ती शेवटचा शर्ट दोरीवर घालत होती.

“सामान भरताहेत,” मी म्हटलं.

“आन् पोरगं? परत येणार हाय का?”

“येणार आहे,” मी म्हटलं. “तिला खात्री आहे.”